पाटावरची अक्षरं

त्या गुरुवारी आमच्या दाराबाहेर इतक्या चपला होत्या, की शेजारच्यांच्या ओट्यापर्यंत त्यांची रांग गेली होती. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतलं आमचं घर म्हणजे खाली एक खोली, मागे स्वयंपाकघर आणि वर माळा. त्या एका खोलीत पंचवीसएक माणसं मांडीला मांडी लावून बसली होती आणि सगळ्यांची नजर एका बोटावर होती. ते बोट माझ्या भावाचं होतं.

माझा भाऊ शिवतेज तेव्हा बारा वर्षांचा होता. तो जन्मापासून एक शब्दही बोललेला नाही. तो तीन वर्षांचा असताना डॉक्टरांनी 'ऑटिझम' हा शब्द सांगितला, आणि तो नीट उच्चारायला आमच्या घराला वर्ष लागलं. बाटल्यांची झाकणं जमिनीवर फिरवत बसणं, छतावरच्या पंख्याकडे बघत एका सुरात गुणगुणणं, कुकरची शिट्टी झाली की कान दाबून भिंतीला चिकटणं, हे त्याचं जग. आणि त्या गुरुवारी तोच शिवतेज लोकांची भविष्यं लिहून सांगत होता.

समोर एक पाट होता. त्यावर पांढऱ्या रंगाने मुळाक्षरं आणि खालच्या ओळीत काना, मात्रा, वेलांट्या काढलेल्या. शेजारी वैशालीमाई बसलेल्या. मोतिया रंगाची साडी, कपाळावर अष्टगंध, मनगटाला स्मार्ट घड्याळ. त्यांचा तळहात शिवतेजच्या मनगटाखाली होता.

"हा मुका नाही, मौनी आहे," माई सांगत होत्या. "मागच्या जन्मी यानं साठ वर्षांचं मौन धरलं. बारा वर्षं राहिली, ती या जन्मी पूर्ण करतोय. याच्या आत्म्याचा टॉवर फुल्ल आहे, आपलेच हँडसेट खराब. मी काही करत नाही बरं का. मी फक्त आधार देते. मी म्हणजे चार्जर."

लोक हसले, पण हात जोडून हसले.

वरच्या गल्लीतल्या वेणूबाई पुढे सरकल्या. "माई, कुलदीपचं विचारा ना. पोलीस भरतीत लागंल का तो? लई टेन्शन हाय."

माईंनी डोळे अर्धवट मिटले. शिवतेजचं बोट पाटावर फिरू लागलं. प. र. य. त. न. मग थांबलं, मग पुन्हा निघालं. 'प्रयत्न कर. आशिर्वाद आहे.'

वेणूबाईंनी पाटाला डोकं टेकलं.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. बारावीत होते, मराठीत बरी होते, आणि मला एवढं दिसलं की 'आशीर्वाद'मधली वेलांटी चुकली होती, दुसरीऐवजी पहिली होती. माईंच्या व्हॉट्सॲप ग्रुपच्या फोटोवरही ती तशीच चुकलेली होती. आणखीही एक दिसलं. बोट एकेका अक्षरावर टेकत होतं तेव्हा शिवतेज पाटाकडे बघतच नव्हता. तो पंख्याकडे बघत होता, आणि दुसऱ्या हाताची चामडी चावत होता. हाताला वळ उठला होता. पंचवीस माणसांत तो वळ कुणाला दिसला नाही. मला दिसला, आणि मी गप्प राहिले.

मी गप्प का राहिले, ते सांगायचं तर आधी मागे जावं लागेल.

माईंचा पत्ता आईला कुणाच्या तरी हळदीकुंकवात मिळाला. आधी एक अर्ज भरून पाठवायचा होता. घरातली माणसं, वारलेली माणसं, मुलाच्या आयुष्यातले मोठे प्रसंग. "फ्रिक्वेन्सी जुळवायला लागतं," असं त्यात लिहिलं होतं. आईने दोन पानं भरून दिली. आठ दिवसांनी माई घरी आल्या, त्यांनी शिवतेजचा हात धरला, आणि पाटावर पहिला शब्द उमटला, 'आई'.

बारा वर्षं जिने या एका शब्दाची वाट बघितली, तिला मी काय सांगणार होते? ती पाटाशेजारी आडवी झाली आणि लहान पोरासारखी रडली. अण्णा तेव्हा कांदा-बटाटा मार्केटातून येऊन हातपाय धूत होते. ते टॉवेल हातात धरून तसेच उभे राहिले. आमचे अण्णा, हौसेराव, पोती वाहून वाहून खांद्याला घट्टे पडलेला माणूस. त्यांनाही मी त्या दिवशी पहिल्यांदा डोळे पुसताना पाहिलं.

मग माई म्हणाल्या, "सुनयना, तुला काही विचारायचंय का भावाला?"

मला एकच गोष्ट विचारायची होती. सहा वर्षं तीच विचारायची होती.

शिवतेज सहा वर्षांचा होता आणि मी अकरा. आई आम्हा दोघांना घेऊन अण्णांचा डबा द्यायला मार्केटात गेली होती आणि गेटजवळ थांबवून मला म्हणाली, "याचा हात सोडू नको." समोर माझ्या वर्गातल्या दोघी मैत्रिणी उभ्या होत्या. शिवतेज हात फडफडवत मोठ्याने गुणगुणत होता. त्या हसल्या. त्या त्याला हसल्या की आपसात, मला आजही माहीत नाही. मी त्याचा हात सोडला. सुटला नाही, सोडला. त्याला ट्रकच्या बाजूला उभं केलं आणि त्याच्याशी आपला काही संबंध नाही अशी चार पावलं पुढे गेले. मागे वळले तेव्हा तो नव्हता.

चार तासांनी तो सापडला. एका रिकाम्या ट्रकखाली, दोन चाकांच्या मध्ये बसलेला, हनुवटी फुटलेली. ड्रायव्हर गाडी सुरू करायलाच चढला होता. मी सगळ्यांना सांगितलं, "त्याने हिसडा दिला, हात सुटला." सगळ्यांनी मानलं. शिवतेज काही सांगू शकत नव्हता.

तर मी पाटासमोर बसले आणि म्हणाले, "शिवा, त्या दिवशी मार्केटात... तू मला माफ केलंस का?"

बोट फिरलं. बराच वेळ फिरलं. आई मोठ्याने अक्षरं वाचत होती.

'ताई रडू नको. हात सुटला. तू सोडला नाहीस.'

सगळे माझ्याकडे मायेने बघत होते. मी मात्र पाटाकडे बघत होते. जगात ही गोष्ट दोनच जणांना ठाऊक होती, मला आणि त्याला. मी सोडला हे त्याला माहीत होतं, त्याचाच तर हात होता. पाटावर जे आलं ते त्याला माहीत असलेलं नव्हतं. ते आईने अर्जात लिहिलेलं होतं.

म्हणजे त्याच क्षणी मला कळलं होतं. कोणी युक्ती शोधून काढायची गरजच नव्हती, परीक्षा आपोआप झाली होती आणि निकाल एकट्या माझ्या हातात होता. पण तो सांगायचा तर आधी स्वतःचं सांगावं लागणार होतं. आणि खरं सांगते, खोटी असली तरी ती माफी मला हवी होती. मी मान खाली घातली आणि रडले. माई म्हणाल्या, "मोकळी झाली पोर."

मी मोकळी झाले नाही. उलट त्यानंतर मला माझ्या भावाची भीती वाटायला लागली. दुपारी घरात आम्ही दोघंच असायचो. तो झाकण फिरवत बसायचा आणि मी पुस्तक उघडून त्याच्या पाठीकडे बघत राहायचे. पाटावर लिहिणारा तो शुद्ध बोलणारा, समजूतदार, क्षमाशील माणूस खोटा आहे हे मला माहीत होतं, तरी घरभर त्याचीच सावली होती. आई त्याच्याशी बोलायची, शिवतेजशी नाही. शिवतेजने ताट ढकललं तर म्हणायची, "माई आल्या की विचारू, काय हवंय त्याला." आणि पाटामागचा खरा शिवतेज, ज्याला मी हात सोडल्याचं नेमकं आठवत असेल, तो माझ्याकडे कधी बघेल या धास्तीने मी दचकायचे. एकदा मी त्याच्या कानाशी जाऊन हळूच विचारलं, "आत कोण आहेस तू?" त्याने माझं मनगट धरलं. त्याने मला ओढत फ्रिजपाशी नेलं आणि माझा हात दाराच्या मुठीवर ठेवला. त्याला दही हवं होतं.

हे तो वर्षानुवर्षं करत आला होता. हवं ते दाखवायला आमचा हात धरून नेणं, नको ते ढकलणं. ते आम्ही कधी बोलणं म्हणून मोजलं नव्हतं.

गुरुवार वाढत गेले, गर्दी वाढत गेली. शिवतेज आठवड्यातून तीन दिवस विशेष मुलांच्या ज्या केंद्रात जायचा तिथे जाणं पाटाच्या सांगण्यावरून बंद झालं. 'तिथे माझी शक्ती जाते,' असं आलं होतं. मग एका गुरुवारी बोटाने लिहिलं, 'गोळी नको. गोळीने माझा आवाज दबतो.'

शिवतेजला फिटा यायच्या. चार वर्षं तो सकाळ-संध्याकाळ गोळी घ्यायचा आणि गेल्या दोन वर्षांत एकही फिट आली नव्हती.

"आई, गोळी बंद करायची नाही," मी म्हणाले.

"तोच नको म्हणतोय ना," आई म्हणाली. "बारा वर्षं आपण त्याला न विचारता सगळं केलं. आता तो सांगतोय तर ऐकायचं नाही?"

या वेळी तरी मी बोलायला हवं होतं. मी अण्णांकडे बघितलं, ते दमून भिंतीला टेकले होते. मी म्हटलं, उद्या सांगू.

पाचव्या दिवशी सकाळी आंघोळीच्या वेळी शिवतेज मोरीत कोसळला. फिट थांबेना. रिक्षात त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं, ओठ निळे पडत चालले होते, आणि आई "माईंना फोन लाव, माईंना फोन लाव" म्हणत होती. मी लावला. माईंनी उचलला नाही.

दवाखान्यात अर्ध्या तासाने फिट थांबली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळी कधीपासून बंद आहे?" आईने सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "अशी एकदम बंद केली तर फिट येते. आणखी उशीर झाला असता तर पोर हाताला लागलं नसतं."

अण्णा मार्केटातून धावत आले, तेव्हा बाहेरच्या पायऱ्यांवर मी त्यांना सगळं सांगितलं. मार्केट, मैत्रिणी, चार पावलं. पाटावर काय यायला हवं होतं आणि काय आलं. अण्णा समोर उभ्या असलेल्या गाड्यांकडे बघत ऐकत होते.

"अकरा वर्षाची व्हतीस तू," ते म्हणाले. मग, "पण हे आता सांगितलंस त्ये लई उशिरा सांगितलंस, सुनू."

ते खरं होतं.

"आईला तूच सांग," ते म्हणाले. "आन् त्या केंद्रातल्या बाईंचा नंबर हाय का तुझ्याकडं?"

दीक्षा मॅडम शिवतेजच्या शिक्षिका. त्या दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात आल्या. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हा खेळ जुना आहे. परदेशात मोठमोठ्या शिकलेल्या लोकांनीही मुलांचे हात धरून असंच लिहवून घेतलं. मग कुणीतरी साधी गोष्ट केली. मुलाला एक चित्र दाखवलं आणि हात धरणाऱ्याला दुसरं. दर वेळी हात धरणाऱ्याने पाहिलेलं चित्रच लिहिलं गेलं. दर वेळी."

"मग आमी बी तेच करू," अण्णा म्हणाले.

पुढच्या गुरुवारी शिवतेज घरी होता, गोळी पुन्हा सुरू झाली होती. माई आल्या. गर्दी नेहमीपेक्षा जास्त, कारण मौनी बाबा 'समाधीतून परत आले' अशी बातमी ग्रुपवर फिरली होती. दीक्षा मॅडम कोपऱ्यात बसल्या होत्या.

अण्णा हात जोडून उभे राहिले. "माई, समद्यांचं प्रश्न झालं. माझा एकच हाय. तुमी जरा बाहेर ओट्यावर थांबा. मी पोराच्या हातात एक वस्तू देतो. मग आत या आन् त्याला इचारा, काय दिलं व्हतं."

माईंचं हसू किंचित लांबलं. "हौसेराव, परीक्षा घेतली की शक्ती रुसते."

"परीक्षा कुणाची, माई? बाप पोराशी बोलतोय. तुमी तर फक्त चार्जर."

मागून कुणीतरी हसलं. वेणूबाई म्हणाल्या, "करा की माई. त्याला काय जड हाय?"

माई बाहेर गेल्या. दार लोटलं. अण्णांनी पोती ओढायचा आपला लोखंडी हूक काढला, सगळ्यांना दाखवला आणि शिवतेजच्या हातात दिला. शिवतेजने लाकडी मुठीवरून अंगठा फिरवला, ती मूठ त्याला नेहमी आवडायची. मग अण्णांनी हूक टॉवेलात गुंडाळून बाजूला ठेवला.

माई आत आल्या, हात धरला, डोळे अर्धवट मिटले. बोट फिरलं. ना. र. ळ.

या वेळी अक्षरं कुणीच मोठ्याने वाचली नाहीत. अण्णांनी टॉवेल उलगडला.

"मनात शंका ठेवली की फ्रिक्वेन्सी तुटते," माई म्हणाल्या.

"माझ्या मनात शंका न्हाय," वेणूबाई उठल्या. "मी देते वस्तू. आता बरुबर येईल बघा."

माई पुन्हा ओट्यावर गेल्या. वेणूबाईंनी आपला चष्मा काढून शिवतेजच्या हातात ठेवला आणि मग कमरेला लपवला. माई आल्या. बोटाने लिहिलं, 'फूल'.

वेणूबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि डोळ्यांवर चढवला. तिसऱ्यांदा करायला माई थांबल्या नाहीत. "इथली वास्तूच दूषित आहे," म्हणत त्यांनी पर्स उचलली. दारातल्या चपलांच्या ढिगात त्यांना आपली चप्पल शोधायला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळे त्यांच्याकडे बघत होते.

दीक्षा मॅडम पाटापाशी आल्या. "वेणूबाई, बोट पुढे करा. मी नुसता आधार देते. तुम्ही काही करू नका." त्यांनी वेणूबाईंचं मनगट सैल धरलं. बोट सरकत च वर गेलं, मग ह वर, मग कान्यावर.

"मी न्हाय नेलं," वेणूबाई म्हणाल्या. "आपसूक गेलं."

"मी नेलं. तुमचा हात सैल होता, म्हणून तुम्हाला कळलंही नाही. कितीदा हात धरणाऱ्यालाही कळत नाही, इतका हलका दाब पुरतो. म्हणून एकच विचारायचं, लिहिलेलं कुणाला माहीत होतं? हात ज्याचा आहे त्याला, की हात ज्याने धरलाय त्याला?"

मग त्यांनी जमिनीवर तीन वस्तू ठेवल्या, नारळ, स्टीलचा पेला आणि हूक. सगळ्यांना मागे सरकायला सांगितलं. शिवतेजला कुणीही हात लावला नाही. "शिवा, अण्णांनी काय दिलं होतं? अण्णांना दे."

तो पंख्याकडे बघत राहिला. एक मिनिट गेलं असेल. कुणीतरी खोकलं तशी मॅडमनी हाताने गप्प केलं. मग त्याने पंख्यावरून नजर न काढता हात लांब केला, हूक उचलला आणि अण्णांच्या पायावर आणून टाकला.

आई स्वयंपाकघरात निघून गेली. लोक पांगल्यावर मी आत गेले तर ती ओट्याला टेकून उभी होती.

"म्हणजे तो मला कधी 'आई' म्हणालाच नाही," ती म्हणाली.

मी तिला मिठी मारली आणि माझंही सांगून टाकलं, मार्केटातलं. तिने मला लोटलं नाही, पण तिचे हात माझ्या पाठीवर आलेही नाहीत. त्यानंतर आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. नंतर हळूहळू ठीक झालं, पूर्ण नाही.

वैशालीमाईंना आपण ढकलतोय हे माहीत होतं की नव्हतं, मी सांगू शकत नाही. अर्ज मात्र त्या आधीच भरून घ्यायच्या, आणि गोळी बंद करायला सांगणारं बोट त्यांच्याच हातात होतं. आमच्याकडून त्या गेल्या, पण धंदा संपला नाही, गाव बदललं.

याला आता तीन वर्षं झाली. शिवतेज पुन्हा केंद्रात जातो. त्याच्याकडे चित्रांची वही आहे. त्यातलं चित्र तो स्वतः काढून हातात देतो, कुणी मनगट धरत नाही. त्याला आज सव्वीस चित्रं येतात. दही, झोका, पुरे, दुखतंय. त्यात 'माफ' नाही, आणि मी ते चित्र करून घालणारही नाही. त्याने मला माफ केलंय का, त्याला ते आठवतंय का, मला माहीत नाही. हे माहीत नसणं घेऊनच मला जगायचं आहे. त्याच्या तोंडी उत्तर घालण्यापेक्षा ते बरं.

शनिवारी मी त्याच केंद्रात मदतीला जाते. मागच्या महिन्यात तिथे उरणहून एका बाईंचा फोन आला. त्यांचा मुलगा नऊ वर्षांचा. कुणी एक माई येतात, पाटावर हात धरतात, मुलगा पानं पानं लिहितो.

मी त्यांना वस्तूची गोष्ट सांगितली. मुलाच्या हातात काही तरी द्या, त्या माईंना दाखवू नका, मग विचारा. नाहीतर नुसता हात सोडायला सांगा. ज्याला लिहिता येतं त्याला धरावं लागत नाही. आणि गोळी, उपचार, शाळा, काहीही पाटाच्या सांगण्यावरून बंद करू नका, ज्याने सुरू केलंय त्या डॉक्टरला विचारा.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आनि मंग घर एकदम गप झालं त कसा सोसू मी?"

"गप्प होतं," मी म्हणाले. "आधी फार गप्प होतं. पण तुमचा मुलगा आत्ताही काहीतरी सांगत असेल, ढकलून, ओढून, रडून. पाट समोर असला की ते ऐकू येत नाही. खोट्या शब्दांनी घर भरलेलं असतं."

आठ दिवसांनी त्यांचा पुन्हा फोन आला.

"हात सोरायला सांगितला," त्या म्हणाल्या. "बोट तिथंच थांबलं. हाललाच नाय." मग त्यांनी विचारलं, "आता काय करू?"

मी म्हणाले, "शनिवारी त्याला घेऊन या."